फारोसाठी चार वेळा प्रार्थना

सलाम ताई,

तुमच्या पत्रात तीन प्रश्न एकमेकांत गुंतलेत. बाकीच्या वाचकांसाठी ते आधी थोडक्यात मांडतो. तुमच्या मंडळीच्या कंपाउंडमध्ये, रस्त्याच्या बाजूला, दुकानगाळे बांधून ते भाड्याने द्यायचा कमिटीचा बेत आहे. तुमचे मिस्टर कमिटीत आहेत. थोरले दीर विरोधात उभे राहिलेत आणि त्यांनी धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात अर्ज दिलाय. तेव्हापासून घरच्या संध्याकाळच्या प्रार्थनेत मिस्टर सख्ख्या भावाचं नाव घेत नाहीत, 'फारो' म्हणतात. 'देवाला हे आधीच ठाऊक होतं, त्यानेच त्यांचं मन कठीण केलंय, आता बोलून काय उपयोग' असं म्हणून त्यांनी भावाशी बोलणं टाकलंय, आणि मुलांना काकांकडे जायला मनाई केलीय. त्यातच तुम्ही संडे स्कूलमध्ये बायबलमधलं निर्गम (मोशेने इस्राएली गुलामांना सोडायला सांगितलं, मिसरचा राजा फारो ऐकेना, म्हणून देवाने पीडा पाठवल्या ती गोष्ट) शिकवत असताना एका मुलाने हात वर केला: देवानेच फारोचं मन कठीण केलं, तर शिक्षा फारोला का? आणि पत्राच्या शेवटी तुम्ही स्वतःचा प्रश्न लिहिलाय. देवाला सगळं आधीच माहीत आहे, तर रोज रात्री मी त्याला तेच तेच काय सांगत बसते?

मुलाचा प्रश्न आधी घेतो. 'मोठा झालास की कळेल' म्हणून तुम्ही त्याला गप्प बसवलं नाहीत, 'पुढच्या रविवारी सांगते' म्हणालात. म्हणजे आता सांगणं भाग आहे.

येत्या रविवारी निर्गमाचे सात ते अकरा हे अध्याय मुलांकडूनच वाचून घ्या आणि फळ्यावर दोन रकाने आखा. एकात 'फारोने आपलं मन कठीण केलं', दुसऱ्यात 'परमेश्वराने फारोचं मन कठीण केलं'. मोजायचं काम मुलं आनंदाने करतात. बेडूक आले, मोशेने प्रार्थना केली, बेडूक मेले, त्यांचे ढीग लागले, देशभर घाण सुटली. आणि जरा उसंत मिळाली असं दिसताच फारोने आपलं मन कठीण केलं. गोमाश्यांच्या वेळी पुन्हा तेच. मध्ये उवांच्या पीडेला त्याच्याच जादूगारांनी हात टेकले आणि यात देवाचं बोट आहे असं त्याला तोंडावर सांगितलं, तरी तो ढिम्म. पहिल्या पाच पीडांपर्यंत फळ्यावरचा दुसरा रकाना कोराच राहील. तिथे कुठे फारो स्वतः मन कठीण करतो, कुठे नुसतं 'त्याचं मन कठीण झालं' असं येतं. 'परमेश्वराने कठीण केलं' हे पीडांच्या ओघात पहिल्यांदा वाचायला मिळतं ते सहाव्या पीडेला, गळव्यांच्या वेळी. आणि लगेच पुढच्या गारांच्या पीडेनंतर पुन्हा फारोच आपलं मन कठीण करतो.

एखादी चलाख मुलगी तेवढ्यात चौथा अध्याय उघडेल. मोशे अजून मिसरात पोचलेलाही नाही, आणि परमेश्वर त्याला सांगतोय की मी फारोचं मन कठीण करीन. सातव्या अध्यायाच्या सुरुवातीलाही तेच आहे. हे झाकू नका. पाच कोऱ्या घरांचा हिशेब दाखवून देवाला आरोपातून सोडवण्याची वकिली काही उपदेशक करतात, मला ती कधी पटली नाही. निर्गमाचा लेखक दोन्ही गोष्टी शेजारी शेजारी ठेवतो, त्यांची सांधेजोड करून दाखवायची त्याला गरज वाटत नाही. आपल्याला वाटते, म्हणून दोन हजार वर्षं यावर लिहिलं जातंय.

तिसऱ्या शतकात अलेक्झांड्रियाच्या ओरिगेनने याच अडचणीला हात घातला होता. त्याचं उत्तर मुलांना कळेल असं आहे: ऊन एकच असतं, पण त्याने मेण वितळतं आणि चिखल वाळून घट्ट होतो. मोशेचं तेच मागणं, त्याच पीडा, तोच परमेश्वर. फारो कशाचा बनलेला होता ते बघायचं असेल तर पाचवा अध्याय वाचा. एकही पीडा आलेली नाही, एक बेडूक दिसलेला नाही, आणि हा माणूस विचारतो की परमेश्वर कोण, मी त्याचं का ऐकावं? त्याच दिवशी तो गुलामांचा पेंढा बंद करतो, विटांची संख्या मात्र तेवढीच मागतो, आणि वर त्यांना आळशी म्हणतो. देवाने पुढे ज्याला घट्ट केलं तो हा माणूस. मुलाला सांगा, फारोला शिक्षा झाली ती याची. एवढं उत्तर त्या वयाला पुरतं. न पुरलं तर तो पुन्हा विचारेल.

आणि एक गोष्ट जरूर दाखवा, ती सहसा कोणी शिकवत नाही. गारा पडण्याआधी मोशेने पूर्वसूचना दिली होती: उद्या या वेळेला गारा पडतील, माणसं नि जनावरं आत घ्या. फारोच्या सेवकांपैकी काहींनी परमेश्वराच्या या शब्दाचा धसका घेतला आणि आपले दास, आपली गुरं घरात आणली. बाकीच्यांनी लक्ष दिलं नाही, त्यांची उघड्यावर राहिली. म्हणजे फारोच्याच पदरी असलेल्या, त्याचंच मीठ खाणाऱ्या लोकांनी ऐकलं! पुढे टोळांच्या वेळी हेच सेवक राजाला म्हणतात, हा माणूस आपल्याला किती दिवस नडणार, त्या लोकांना जाऊ द्या, मिसर देशाचं वाटोळं झालं हे तुम्हाला अजून कळत नाही का? आणि इस्राएल लोक निघाले तेव्हा त्यांच्याबरोबर इतर लोकांचाही मोठा जमाव निघाला, असं बाराव्या अध्यायात आहे. परमेश्वराने फारोबद्दल आधी सांगून ठेवलं होतं, साऱ्या मिसरी दरबाराबद्दल नव्हे. दार किती जणांसाठी उघडं होतं ते या बारीकशा वचनांमध्ये दिसतं, आणि आपण ती भरभर ओलांडून तांबड्या समुद्राकडे धावतो.

आता 'देवाला आधीच ठाऊक होतं' या वाक्याबद्दल. हे वाक्य तुमच्या घरात फार काम करतंय, तेव्हा ते जरा उलटून बघू.

ठाऊक असणं आणि घडवून आणणं या दोन गोष्टी एकच आहेत का? हिप्पोचा बिशप ऑगस्टीन याने याचं उत्तर साध्या युक्तिवादाने दिलं. काल घडलेलं मला आठवतं, म्हणून मी ते घडायला भाग पाडलं असं होत नाही. तसं देवाला उद्याचं दिसतं, म्हणून तो ते करायला कोणाला भाग पाडतो असंही होत नाही. सगळ्यांना हे पुरेसं वाटत नाही. सोळाव्या शतकातला धर्मसुधारक कॅल्विन याच्या परंपरेतले लोक म्हणतील की देव नुसता बघत नाही, ठरवतोही; आणि रोमकरांस पत्राचा नववा अध्याय पुढे करतील. त्यांचं म्हणणं हवेतलं नाही, त्या अध्यायात कुंभार आणि माती आहेच. त्या अध्यायाकडे मी परत येतो. पण त्याआधी एक प्रसंग वाचा, तो तुमच्या मिस्टरांनाही मोठ्याने वाचून दाखवा: पहिलं शमुवेल, अध्याय तेवीस.

पलिष्टी लोक कईला गावाची खळी लुटत होते. दावीद स्वतः शौल राजापासून लपून फिरत होता, तरी त्याने जाऊन गाव वाचवलं. शौलाला बातमी लागली. त्याला वाटलं, बरा सापडला, दारं नि अडसर असलेल्या गावात स्वतःच कोंडला गेलाय. दावीदाने अब्याथार याजकाला एफोद, म्हणजे देवाचा कौल घ्यायचं याजकाचं वस्त्र, आणायला सांगितलं आणि परमेश्वराला दोन नेमके प्रश्न विचारले. शौल इकडे येईल का? येईल. कईलाचे लोक मला त्याच्या हवाली करतील का? करतील. हे ऐकून दावीद काय करतो? आपली सहाशेएक माणसं घेऊन गावातून निघून जातो. शौलाला ते कळतं आणि तो येण्याचा बेत रद्द करतो. कईलाचे लोक कोणालाही हवाली करत नाहीत.

देवाने जे सांगितलं ते घडलं नाही, आणि तरी देव चुकला नाही. दावीद थांबला असता तर काय झालं असतं हे त्याला ठाऊक होतं, आणि दावीदाने थांबू नये म्हणूनच त्याने ते सांगितलं. सोळाव्या शतकातल्या लुईस दे मोलिना या स्पॅनिश जेझुइट पंडिताने अशाच वचनांवर आपली सगळी विचारमांडणी उभी केली: देवाला जे होणार तेवढंच नाही, कोणत्या परिस्थितीत कोण काय करील तेही ठाऊक असतं. त्यावरून कॅथलिक पंडितांमध्ये पुढे कितीतरी वर्षं जुंपली होती. आपल्याला त्या भांडणात शिरायचं नाही. मला तुमच्या मिस्टरांना इतकंच विचारायचंय, की देवाला ठाऊक आहे हे कळल्यावर दावीद उठून चालू लागला आणि तुम्ही मात्र हात बांधून बसलात, हे कसं?

योनाच्या पुस्तकात तर याहून टोकाची गोष्ट आहे. चाळीस दिवसांनी निनवे उलथून जाणार, असा निरोप. त्यात 'जर' नाही, 'तर' नाही. निनवेच्या लोकांनी तो ऐकून गोणताटं नेसली आणि शहर वाचलं. चिडला तो संदेष्टा! यिर्मयाच्या अठराव्या अध्यायात परमेश्वर हे नियम म्हणूनच सांगतो: एखाद्या राष्ट्राबद्दल मी नाश बोललो आणि ते वाईटापासून फिरलं, तर मीही फिरेन. भलं बोललो आणि ते बिघडलं, तरीही फिरेन. कुंभार आणि मातीचं चित्र याच अध्यायात, याच्या अगदी वर आहे. रोम ९ वाचणाऱ्याने यिर्मया १८ वाचलेला असावा असं मला वाटतं. रोमकरांस पत्र लिहिणाऱ्या पौलाने तर वाचला होताच.

आता तुमच्या मिस्टरांकडे येतो. ते ज्या माणसाचं नाव घेऊन भावाला नावं ठेवतायत त्याच माणसाशी मोशे कसा वागला, ते त्यांना विचारा. फारो ऐकणार नाही हे मोशेला जळत्या झुडपापाशीच सांगितलेलं होतं. तरी त्याला परत परत त्याच्याच दाराशी पाठवलं. आणि पीडा आली की फारो म्हणायचा, माझ्यासाठी विनंती कर. बेडकांच्या वेळी म्हणाला, गोमाश्यांच्या वेळी म्हणाला, गारांच्या वेळी म्हणाला, टोळांच्या वेळी म्हणाला. चारही वेळा मोशे बाहेर गेला, त्याने फारोसाठी प्रार्थना केली, आणि चारही वेळा परमेश्वराने ती ऐकली. बेडकांच्या वेळी तर मोशे त्याला विचारतो की मी कधी प्रार्थना करू ते आपणच सांगा. गारांच्या वेळचं बोलणं मला सगळ्यात विलक्षण वाटतं. मोशे फारोला सांगतो: मी नगराबाहेर जाऊन हात पसरीन, गारा थांबतील, पण तू आणि तुझे सेवक अजूनही परमेश्वराचं भय धरणार नाही हे मला माहीत आहे. आणि हे बोलून तो जातो आणि हात पसरतो.

माहीत होतं, आणि तरी हात पसरले. बायबलमध्ये देवाचं पूर्वज्ञान माणसाच्या हाती दिलं जातं ते यासाठी. यहेज्केलला सांगितलं, हे लोक ऐकोत वा न ऐकोत, तू बोल. यिर्मयाला सांगितलं, ते तुझ्याशी लढतील पण तुला हरवणार नाहीत. नकार आला तर पाठवलेला माणूस कोसळू नये, आपलंच काही चुकलं असं समजून त्याने काम टाकू नये, म्हणून त्याला आधी सांगून ठेवायचं. समोरच्याला कायमचा मोडीत काढायची परवानगी त्यातून कोणाला मिळालेली मला तरी शास्त्रात दिसत नाही. तेव्हा भाऊजींना फारो म्हणायचंच असेल तर म्हणा, पण मग मोशेचं कामही अंगावर घ्या. चार वेळा त्यांच्या भल्यासाठी प्रार्थना, तीही त्यांचं मन वळणार नाही असं गृहीत धरून.

शिवाय, कोण फारो हे ठरवलं कोणी? मोशेला परमेश्वराने सांगितलं होतं. तुमच्या मिस्टरांना कमिटीच्या मीटिंगमध्ये कळलं. यरुशलेममध्ये प्रेषितांना जिवे मारायची भाषा चालू असताना गमलिएल उठला आणि म्हणाला, हे काम माणसांचं असेल तर आपोआप मोडेल, देवाचं असेल तर तुम्हाला मोडता येणार नाही. उगाच देवाशी लढणारे ठराल. हे वाक्य आपण सर्रास विरोधकांच्या तोंडावर फेकतो. त्याने ते स्वतःच्या पक्षाला ऐकवलं होतं, ज्या न्यायसभेत तो बसत होता तिला. आणि शौल (दावीदाच्या मागे लागलेला राजा नव्हे, पुढे प्रेषित पौल झाला तो)? मंडळीचा छळ करणारा यापेक्षा मोठा कोण होता? दिमिष्कात हनन्या नावाच्या शिष्याने प्रभूला त्याची सगळी कुंडली वाचून दाखवली, की या माणसाने तुझ्या पवित्र जनांचं किती वाईट केलंय. प्रभू म्हणाला, जा. तो गेला, त्याच्यावर हात ठेवले आणि पहिला शब्द उच्चारला तो 'भाऊ'. तुमच्या घरी तर सख्खा भाऊ आहे.

आपल्याकडचंच बघायचं तर कवी ना. वा. टिळकांचं घर बघा. १८९५ साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई त्यांच्याबरोबर गेल्या नाहीत, दोघं काही वर्षं वेगळे राहिले. त्या काळात कोणी लक्ष्मीबाईंना कठीण मनाची म्हणून मोडीत काढलं असतं तर? पुढे त्या आल्या त्या स्वतःच्या विचाराने.

रोम ९ कडे परत येतो म्हणालो होतो. फारोचा दाखला पौल तिथे देतो खरा, पण तो अध्याय सुरू कसा होतो? मला मोठं दुःख आहे, अंतःकरणात अखंड वेदना आहेत, माझ्या बांधवांसाठी मी स्वतः ख्रिस्तापासून शापभ्रष्ट व्हायलाही तयार झालो असतो. आपल्या भाऊबंदांच्या विरोधाने पोळलेला माणूस हे लिहितोय. अकराव्या अध्यायाच्या शेवटी, देवाने सर्वांवर दया करावी म्हणून सर्वांना आज्ञाभंगात कोंडलंय, असं म्हणून तो थेट स्तुतीला लागतो. ज्याला फारोचं वचन भावाविरुद्ध वापरायचंय त्याने हे तीन अध्याय एका बैठकीत वाचावेत. मधलंच वचन उचललं तर हातात दगड राहतो.

देवाच्या सामर्थ्याबद्दल तुमच्या पत्रात एक ओळ आहे: 'देव विरोध मोडून काढतो असं शास्त्र सांगतं, मग आमच्याकडे काही होत का नाही?' यावर यहूदा राज्याच्या हिज्कीया राजाची गोष्ट सांगतो, कारण तिची दुसरी बाजूही योगायोगाने आपल्या हाती आहे. इ. स. पूर्व ७०१ मध्ये अश्शूरचा राजा सन्हेरीब यहूदावर चालून आला. त्याच्या अधिकाऱ्याने यरुशलेमच्या कोटाखाली उभं राहून, कोटावरच्या लोकांना कळावं म्हणून त्यांच्याच भाषेत, त्यांच्या देवाची टर उडवली. पुढे सन्हेरीबचं पत्र आलं. हिज्कीयाने ते घेऊन मंदिरात परमेश्वरापुढे पसरलं. यशया संदेष्ट्यामार्फत सन्हेरीबला उद्देशून उत्तर आलं: तुझं बसणं, तुझं जाणं-येणं, तुझं माझ्यावर खवळणं मला ठाऊक आहे, मी तुझ्या नाकात वेसण घालून आल्या वाटेने तुला परत नेईन. सन्हेरीबने स्वतःच्या पराक्रमाची नोंद षट्कोनी मातीच्या स्तंभावर कोरून ठेवली होती, तो आता ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. त्यात तो म्हणतो की मी यहूदाची ४६ तटबंदीची नगरं घेतली आणि हिज्कीयाला यरुशलेमात पिंजऱ्यातल्या पक्ष्यासारखं कोंडलं. यरुशलेम घेतलं असं मात्र म्हणत नाही. बढाईखोर राजाच्या तोंडून एवढी गाळलेली जागा पुष्कळ बोलते.

पण ती ४६ नगरं? त्यांतलं लाखीश पडलं. ते कसं पडलं याची शिल्पं सन्हेरीबने निनवेच्या आपल्या महालात कोरून घेतली. तिथेही लोक प्रार्थना करत असतील. हिज्कीयाने त्याआधी सन्हेरीबला तीनशे किक्कार (वजनाचं जुनं माप) चांदी आणि तीस किक्कार सोनं खंडणी म्हणून दिलं होतं, त्यासाठी मंदिराच्या दारांचा मुलामा काढावा लागला होता. शहराबाहेरचे झरे बुजवले, कोट दुरुस्त केला, आणि गीहोन झऱ्याचं पाणी आत आणायला खडकातून बोगदा खणला. तो आजही आहे, सुमारे ५३३ मीटर लांब. दोन्ही टोकांकडून खणत आलेले कामगार मध्ये कसे भेटले ते सांगणारा लेख १८८० मध्ये त्याच्या भिंतीवर सापडला. प्रार्थना करणाऱ्या राजाने हे सगळं केलं. आणि सन्हेरीब परत गेला, पुढे त्याच्याच मुलांनी त्याला मारलं, हे दुसऱ्या राजांच्या एकोणिसाव्या अध्यायात एका श्वासात येतं. प्रत्यक्षात मधे वीस वर्षं गेली.

बाकी यशयाचा दहावा अध्याय अश्शूरला देवाच्या हातची काठी म्हणतो, आणि त्याच दमात विचारतो की कुऱ्हाडीने तिला चालवणाऱ्यापुढे फुशारकी मारावी का? देव एखाद्याला वापरतो म्हणून तो बरोबर ठरत नाही. कमिटीनेही हे ध्यानात ठेवलेलं बरं.

आता गाळ्यांबद्दल. हे धर्मशास्त्र नाही, पण तुमच्या घरातलं निम्मं धर्मशास्त्र त्यावरच उभं आहे. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम ३६ प्रमाणे ट्रस्टची बिगरशेती जमीन किंवा इमारत तीन वर्षांपेक्षा जास्त मुदतीने भाड्याने द्यायची असेल तर धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. गाळे किती मुदतीने द्यायचे आहेत, हे तुमच्या पत्रात नाही. ती परवानगी मागितलीय का, हेही नाही. भाऊजींचा अर्ज नेमका याच मुद्द्यावर असला तर ते देवाच्या योजनेला आडवे आलेत असं म्हणण्याआधी मिस्टरांनी तो अर्ज एकदा पूर्ण वाचावा. असंही होऊ शकतं की भाऊजींचा हेतू कुजका आहे आणि मुद्दा बरोबर आहे. योसेफाच्या भावांनी वाईट योजलं आणि देवाने तेच चांगल्यासाठी योजलं, हे योसेफाला भावांच्या तोंडावर म्हणता आलं. पण ते म्हणताना त्याने त्यांची योजना वाईट नव्हती असं म्हटलं नाही, आणि त्यांच्या मुलाबाळांच्या पोटापाण्याची जबाबदारीही घेतली. हिशेब आणि परवानग्या मंडळीच्या सर्वसाधारण सभेत सगळ्यांसमोर मांडा. प्रार्थनेत मांडण्यासारखा तो विषय नाही, निदान ज्याच्याविरुद्ध मांडायचा तो खोलीत नसताना तरी नाही.

राहिला तुमचा स्वतःचा प्रश्न. तुम्ही मागण्याआधीच तुमच्या गरजा तुमच्या पित्याला ठाऊक आहेत, असं येशू मत्तयाच्या सहाव्या अध्यायात म्हणतो. त्याच्या पुढचंच वचन काय आहे? म्हणून तुम्ही या प्रकारे प्रार्थना करा, आमच्या स्वर्गातील पित्या. ठाऊक आहे म्हणून मागू नका असं त्याला सुचलंही नाही. लूकच्या बाविसाव्या अध्यायात तो पेत्राला सांगतो की आज कोंबडा आरवण्याआधी तू मला तीनदा नाकारशील. हे त्याला पक्कं माहीत आहे. आणि त्याच्याच जरा आधी तो म्हणतो, तुझा विश्वास ढळू नये म्हणून मी तुझ्यासाठी प्रार्थना केली आहे, आणि तू वळलास म्हणजे तुझ्या भावांना स्थिर कर. होणार काय ते सगळं ज्याला ठाऊक, तोच प्रार्थना करतोय, आणि पडण्याच्या पलीकडचं कामही आत्ताच नेमून देतोय. त्याला पकडून देणाऱ्या यहूदा इस्कर्योताबद्दलही त्याला ठाऊक होतं. त्या रात्री त्याने बाराही जणांचे पाय धुतले, त्यात यहूदाचेही.

म्हणून रोज रात्री तेच तेच सांगत रहा. फक्त एक बदल करा: प्रेषितांच्या कृत्यांच्या चौथ्या अध्यायातली मंडळीची प्रार्थना वाचून मग तुमची करा. हेरोद आणि पिलात एकत्र आले, ते तुझ्या हाताने आधी ठरवलं तेच करायला, असं ती मंडळी म्हणते. पुढे मागते काय? प्रभू, त्यांच्या धमक्यांकडे पाहा, आणि आम्हाला धैर्याने बोलू दे. त्यांचा नाश कर असं एक अक्षर त्यात नाही. तुम्हीही भाऊजींचं नाव घ्या, 'फारो' म्हणू नका, आणि स्वतःसाठी बोलायचं धैर्य मागा. पहिल्यांदा ते घरातच लागणार आहे.

मुलांचं काकांकडे जाणं मात्र पूर्ववत करा, सभेचा निकाल लागेपर्यंत थांबू नका. मिस्टरांना आधी स्पष्ट सांगा, त्यांच्या पाठीमागे काही करू नका. ते नाही म्हणाले तर पाळकसाहेबांना घरी बोलवा आणि दोघांच्या समोर निर्गमाचा नववा अध्याय वाचायला सांगा. जाऊबाईंना फोन तुम्हीच करा, गाळ्यांचा विषय न काढता.